एकत्र सीटच्या नावाखाली एजंटने आम्हाला असं फसवलं, तुम्ही तरी सांभाळा

काशीला जायचं होतं, आम्ही आठ जण, त्यात आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला एवढंच हवं होतं की सगळे एका जागी असू आणि आईला खालचा बर्थ मिळेल. एक एजंट म्हणाला दादा टेन्शन घेऊ नका, माझं सेटिंग आहे, आठही जण एकाच कंपार्टमेंटमध्ये बसवतो, फक्त माणशी ३०० जास्तीचे लागतील. दिले मी. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, एस४, ३३ ते ४०, आठही नावं एकाखाली एक, सगळी कन्फर्म. आई खूप खूश झाली होती.

गाडीत चढलो तर तिथे दुसरंच कुटुंब बसलेलं आणि त्यांच्याकडे तेच नंबर. मी त्यांच्याशी भांडलो सुद्धा, त्याचं आजही वाईट वाटतं कारण त्यांची काहीच चूक नव्हती. टीटीईंनी मशीनमध्ये आमचा पीएनआर टाकला तर त्यात सहाच नावं, चार जण एस७ मध्ये इकडेतिकडे, दोघं एस२ मध्ये, आणि आई अप्पर बर्थवर!! माझी बायको आणि मुलगी त्यात नव्हत्याच. एजंटला फोन लावून लावून शेवटी त्याने दुसरा पीएनआर पाठवला, तो निघाला आरएसी, म्हणजे एका साइड लोअरवर दोघींनी बसून जायचं. पीडीएफ एडिट केलेली होती.

टीटीई भला माणूस, त्यांनीच समजावून सांगितलं. एका पीएनआरवर सहाच्या वर नावं येतच नाहीत, आठ जण म्हणजे दोन तिकिटं हवीतच. आणि आमच्या पीडीएफवर ३६ पुढे मिडल लिहिलेलं, पण स्लीपरला आठ-आठचा हिशोब असतो, १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७-८ साइडचे, पुढे तोच क्रम, म्हणजे ३६ हा खालचाच. हे मला आधी माहीत असतं तर तेव्हाच पकडलं असतं. अधिकृत एजंटच्या तिकिटावर एजन्सीचं नाव छापलेलं असतं, आमच्यावर नव्हतं, म्हणजे कुणाच्या तरी पर्सनल आयडीवरून काढलेलं. असा धंदा करणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. मोबाइल नंबरही त्याने स्वतःचाच टाकलेला त्यामुळे मला एकही मेसेज आला नाही. तिकीट हातात आलं की लगेच रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर किंवा आयआरसीटीसीच्या साइटवर पीएनआर टाकून डबा आणि बर्थ स्वतः बघा, मी ते दोन मिनिटांचं काम केलं नाही.

आणि जास्तीचे पैसे द्यायची गरजच नव्हती हो. साइटवर बुक करताना 'सगळे बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच बुक करा' असा पर्याय असतो, साठ दिवस आधी सकाळी ८ ला बुकिंग उघडतं तेव्हा तो टिक करून काढलं तर बरेचदा जवळजवळ मिळतं. आई-बाबांसारख्यांचं तिकीट वेगळं काढायचं, कारण ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायकांसाठी लोअर बर्थचा कोटा असतो पण तो एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघांनाच लागू होतो, सहाच्या घोळक्यात नाव घातलं की गेला.

त्या रात्री ज्यांच्याशी मी भांडलो त्यांच्यातल्याच एका मुलाने ३६ चा खालचा बर्थ आईला दिला आणि स्वतः एस७ ला जाऊन वर झोपला.

परतीची तिकिटंही त्याच एजंटकडून काढली होती. काशीला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे ते पीएनआर तपासले, दोन्ही वेटिंग. चार्ट लागल्यावर दोन्ही आपोआप कॅन्सल झाली आणि रिफंड ज्या खात्यातून बुकिंग झालं तिथे, म्हणजे त्याच्याच खात्यात गेला. फोन तेव्हापासून बंद आहे. आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दल) तक्रार दिली आहे, दोन्ही पीडीएफ आणि व्हॉट्सॲप चॅटच्या प्रिंट जोडून.