पद्मिनीचे जुने दिवे: दुरुस्त करावेत की नवे बसवावेत?

प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्या माणसापुढे दिव्यांच्या बाबतीत दोन वाटा असतात: मूळ दिवे उतरवून ते पूर्ववत करून घेणे, किंवा बाजारात मिळणाऱ्या नव्या प्रतिकृती बसवणे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तिच्याबरोबर सुट्या भागांचा रोजचा खपही गेला, त्यामुळे मूळ भाग भंगारात देण्यापूर्वी दहादा विचार करावा. पूर्ण संच एकाच वाटेने नेण्याची गरज नाही. एकेक भाग हातात घेऊन ठरवावे, असे माझे मत आहे.

हेडलाइटच्या क्रोम केलेल्या रिंगपासून सुरुवात करावी. रिंगला लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला तर रिंग पोलादी पत्र्याची आहे, आणि गंजाने आरपार भोके पडली नसतील तर तिचे बफिंग करून (घासून गुळगुळीत करून) आधी तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम असे थर चढवून घेता येतात. गंजापासून खरे संरक्षण निकेलचा थर देतो, म्हणून प्लेटिंगवाल्याशी बोलताना चौकशी निकेलचीच करावी. चुंबक चिकटला नाही आणि पृष्ठभागावर मुरुमांसारखे फोड दिसले, तर भाग बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो. तीव्र आम्लात तो खराब होतो, त्यामुळे असे काम अनुभवी माणसाकडेच द्यावे. नवी रिंग स्वस्त पडते, परंतु मी हाताळलेल्या प्रतिकृतींचा पत्रा पातळ होता आणि त्यांची कड मडगार्डवर सपाट बसत नव्हती.

सर्वाधिक चुका रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे बल्बमागच्या प्रकाश पुढे फेकणाऱ्या चकचकीत वाटीत, होतात. मी स्वतः एक काळवंडलेला रिफ्लेक्टर क्रोम करून घेतला होता. दिवसा तो आरशासारखा चमकत असे, पण रात्री भिंतीवर दोन्ही दिव्यांचे झोत टाकले, तेव्हा त्या बाजूचा उजेड स्पष्टपणे मंद दिसला. कारण साधे आहे: क्रोम सुमारे 65 टक्के प्रकाश परतवतो, तर ॲल्युमिनियमचा ताजा थर 85 टक्क्यांहून अधिक. त्यामुळे रिफ्लेक्टर पूर्ववत करायचाच असेल तर निर्वात पद्धतीने ॲल्युमिनियमचा थर चढवून घ्यावा, आणि तशी सोय जवळपास नसेल तर निःशंकपणे चांगल्या प्रतीचे नवे युनिट घ्यावे. इथे जुन्याचा आग्रह धरणे मला सुरक्षित वाटत नाही. जुना रिफ्लेक्टर कपड्याने घासून चमकवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये, कारण उरलासुरला थरही निघून येतो.

टेललाइट आणि इंडिकेटरच्या प्लॅस्टिकच्या काचा तडकलेल्या नसतील तर त्या वाचवाव्यात. कोमट साबणपाण्याने धुऊन, 1500 आणि नंतर 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला आणि शेवटी रबिंग कंपाउंड लावले की लाल रंगाची खोली परत येते. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास ॲक्रिलिकवर बारीक तडे जातात. काचेमागचे रबर मात्र नवेच घ्यावे.

एलईडी बल्बविषयी माझे मत प्रतिकूल आहे. जुना रिफ्लेक्टर आणि काच तारेच्या बल्बसाठी आखलेली असतात, त्यामुळे एलईडीचा झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय विजेचा भार कमी झाल्याने जुना फ्लॅशर इंडिकेटरची उघडझाप नीट करत नाही.

दोन्हीपैकी कोणत्याही वाटेवर पैसे खर्च करण्यापूर्वी दिव्यांचे अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी असलेला विजेचा जोड) घासून स्वच्छ करावे आणि इंजिन चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले की उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. 60 वॅटचा एक बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढतो, म्हणजे दोन दिव्यांचे 10 अँपिअर दिव्यांच्या जुन्या स्विचमधून जातात. मध्ये रिले (छोट्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह वेगळ्या वाटेने सोडणारा स्विच) बसवला तर हा भार स्विचवरून उतरतो.