बोअरच्या पाण्यात बाबाबुडनगिरी: तीन सिंगल ओरिजिन कॉफ्यांचा जळगावी रिव्ह्यू

तीन पाकिटं मागवली, तिन्ही सिंगल ओरिजिन म्हणजे एकाच भागातल्या बियांची, तिन्ही पाव किलोची, तिन्ही अरेबिका (कॉफीची एक प्रजाती) आणि तिन्ही अख्ख्या बिया. एक बाबाबुडनगिरीची वॉश्ड, दुसरी आराकूची नॅचरल, तिसरी मॉन्सून्ड मलबार (वॉश्ड, नॅचरल, मॉन्सून्ड ह्या बिया तयार करायच्या पद्धती, त्या पुढे सांगतो). रोस्टरचं, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याचं, नाव लिहीत नाहीये कारण ह्या तिन्ही आता बऱ्याच जणांकडे मिळतात आणि मला बोलायचंय ते बियांबद्दल, त्याहून जास्त म्हणजे ह्या बिया जळगावात आल्यावर त्यांचं काय होतं त्याबद्दल, कारण नेटवरचे सगळे रिव्ह्यू पुण्या-बेंगळुरूवाल्यांनी लिहिलेले असतात, त्यांचं पाणी वेगळं, हवा वेगळी, ते वाचून आपण सातशे रुपये घालवायचे आणि मग म्हणायचं काय फालतू कॉफी निघाली यार.

निकाल आधीच सांगून टाकतो. बोअरच्या पाण्यात करणार असाल तर वॉश्ड कॉफीच्या वाटेला जाऊ नका, मॉन्सून्ड घ्या. पाण्याचं थोडं काही करायची तयारी असेल तर आराकू घ्या. बाबाबुडनगिरी तिघांत सगळ्यात भारी आहे पण नखरे पण तिचेच सगळ्यात जास्त.

किंमत पाकिटामागे साधारण साडेपाचशे ते सातशे. म्हणजे किलोला अडीच हजार धरा, हा आकडा घरात मोठ्यानं बोलायचा नाही. एका कपाला १५ ग्रॅम लागतात, तर पाव किलोत सोळाएक कप होतात, म्हणजे कपाला चाळीसच्या आसपास पडतं, बाहेर कॅफेत चॉकलेट सिरप ओतलेली कोल्ड कॉफी त्याच्या तिप्पट-चौपट पैशात पितोच की आपण.

आता पाणी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते वेगळं सांगायला नको, गिझरची कॉइल बघा, किटलीच्या बुडाला पांढरा थर बघा, तुरीची डाळ त्या पाण्यात किती वेळ घेते ते घरात विचारा. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं ते कॉफीला खरं तर हवंच असतं, बियांतली चव ओढून काढायला त्याची मदत होते. गडबड करतात ते बायकार्बोनेट. चांगल्या अरेबिकात जो फळासारखा आंबटपणा असतो तो सायट्रिक, मॅलिक, फॉस्फरिक अशा ॲसिडचा असतो, आणि बायकार्बोनेट ते ॲसिड सरळ मारून टाकतात. म्हणजे ज्या आंबटपणाचे तुम्ही जादा पैसे दिले तोच कपात येत नाही, उरतो तो खडूसारखा सपाट कडूपणा. बरं, मग शुद्ध आरओचं पाणी घ्यावं तर तेही चालत नाही, त्यात क्षारच नसतात, कॉफी पातळ, पोकळ आणि टोचणारी आंबट लागते. स्पेशालिटी कॉफीवाल्यांची जी जागतिक संघटना आहे तिनं पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा) १५० च्या आसपास असावा असं सांगितलंय, ७५ ते २५० पर्यंत चालतो.

आमच्या बोअरचा टीडीएस सातशेच्या पुढे, आरओचा चाळीसच्या आसपास. तर एक वाटी बोअरचं आणि पाच वाट्या आरओचं असं मिसळलं की दीडशेच्या जवळपास येतं. झालं. मीटर नसेल तर आरओवाल्याकडे पेनासारखा असतो, सर्व्हिसला आला की मोजून घ्या. मात्र तो मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यातला कोणता किती हे काही सांगत नाही, त्यामुळे शेवटी जिभेनंच कमी-जास्त करायचं.

बाबाबुडनगिरी मी आधी बोअरच्या पाण्यात आणि मग मिसळलेल्या पाण्यात शेजारी शेजारी करून बघितली, बिया त्याच, वजन तेच, दळण तेच. पहिल्या कपात काहीच नाही, गरम, काळं, थोडं कडू. दुसऱ्या कपात पहिल्या घोटाला मोसंबीचा आंबटगोड, मग मागून कोको, आणि कप कोमट झाला तसा गोडवा वाढत गेला. दोन्ही कप एकाच पाकिटातले आहेत हे घरात कुणाला पटेना.

अमळनेरहून जिभाऊ आले होते, त्यांना दुसरा कप दिला, बिनसाखरेचा, बिनदुधाचा. एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हाई काय शे रे भो, आंबट लागी ऱ्हायनी." आता ह्याच्यावर काय बोलणार, आंबट तर आहेच, त्याचेच तर पैसे आहेत. पण हे तुमच्याकडे पण होणार हे धरून चाला. ज्या माणसानं जन्मभर आलं-साखरेचा दाट चहा किंवा पाकिटातली इन्स्टंट प्यायलीय त्याला वॉश्ड अरेबिका एकदम द्यायची नाही. बाजारात फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत चिकोरी असते, नियमानं ती ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते, तो दाट काळा रंग आणि जाडपणा बऱ्याचदा त्या मुळीचा असतो, आणि आपल्याला तीच कॉफीची चव वाटत आलेली असते.

तर ही चव येते कुठून. बामणोदच्या भरताच्या वांग्यांचं आपल्याला माहितीच आहे, तेच बी दुसरीकडे लावलं तरी भरताला ती चव येत नाही, माती-पाणी-हवा लागते. कॉफीचं तसंच, फक्त तिथं उंची हा मोठा भाग असतो. उंचावर थंडी, त्यामुळे फळ सावकाश पिकतं, बी टणक आणि भरीव होतं, आंबटपणा आणि गोडवा जास्त साठतो. बाबाबुडनगिरीची रांग चिकमगळूरची, कर्नाटकातलं सगळ्यात उंच मुळ्ळय्यनगिरी शिखर १,९३० मीटरचं, ते ह्याच रांगेत. कॉफीचे मळे अर्थात शिखरावर नसतात, खालच्या उतारांवर, झाडांच्या सावलीत असतात. सतराव्या शतकात बाबा बुडन येमेनहून सात बिया लपवून घेऊन आले आणि इथं लावल्या अशी कथा सांगतात, म्हणून नाव. २०१९ साली ह्या कॉफीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याच वेळी कूर्ग, चिकमगळूर, आराकू अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टालाही (कॉफीची दुसरी प्रजाती) मिळाला.

पाकिटावर जात लिहिलेली असते ती पण बघत जा. माझ्या पाकिटावर सिलेक्शन ७९५ होतं. हे बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातलं वाण, १९४० च्या दशकात आलं आणि अजून आपल्याकडच्या अरेबिका मळ्यांत जिकडेतिकडे तेच दिसतं. ते काढलं तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगाला, तोंड द्यायला. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना माहितीय, कॉफीवर पण तांबेरा पडतो, श्रीलंकेत १८६९ ला तो दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथले कॉफीचे मळे बसले, मग त्यांनी चहा लावला. सिलोनचा चहा जगभर गेला तो असा.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. पाकिटांवर लिहितात की मळ्यात मिरीचे वेल आहेत, संत्री आहेत म्हणून कॉफीत मसाल्याची, संत्र्याची झाक उतरते. वाचायला छान वाटतं, पण शेजारच्या वेलाचा वास बीत कसा शिरणार हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. सावली मिळते, पानं कुजून खत होतं, तेवढं खरं. बाकी चव जमते ती जात, उंची, फळ किती पिकल्यावर तोडलं आणि तोडल्यावर त्याचं काय केलं ह्यावर.

हे शेवटचं फार मोठं आहे, आणि आराकूचं पाकीट उघडलं की लगेच कळतं. वॉश्ड म्हणजे फळाची साल काढायची, बीवरचा चिकट गर आंबवून धुऊन टाकायचा आणि मग वाळवायचं, त्यामुळे चव स्वच्छ, आंबट, नेमकी. नॅचरल म्हणजे अख्खं फळच उन्हात आठवडेच्या आठवडे वाळवायचं, गर बीवरच सुकतो, आतल्या आत आंबतो. भाजलेल्या बिया हातात घेऊन बघा, मधल्या चिरेत जी पातळ पापडी अडकलेली असते ती वॉश्डमध्ये पांढरट दिसते आणि नॅचरलमध्ये तपकिरी. आणि वास! पाकिटाला जो बारीक व्हॉल्व्ह असतो तिथं नाक लावून पाकीट जरा दाबलं तर पिकून पार मऊ झालेल्या फळाचा, थोडा दारूकडे झुकणारा वास आला. आराकू पूर्व घाटातलं, आंध्रातलं, साधारण ९०० ते १,१०० मीटर, आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी. म्हणजे बाबाबुडनगिरीइतकी उंचावरची नाही, तरी जिभाऊंना हीच आवडली. "हाई चांगली शे, पन याम्हा दारू टाकेल शे का?" नाही हो जिभाऊ, काहीच टाकेल नाही. पाकिटावर बेरी, मनुका वगैरे लिहिलेलं असतं ते वरून घातलेलं नसतं हे लक्षात ठेवा, हेझलनट फ्लेवर वगैरे मिळतं तो वेगळा प्रकार, त्यात खरंच वास मारलेला असतो.

आराकू बोअरच्या पाण्यात पण अगदीच मरत नाही, फळाचा वास टिकतो, आंबटपणा जातो. मिसळलेल्या पाण्यात मात्र एकदम खुलते. दुधात घालू नका, आंबलेल्या फळाचा तो वास दुधात मला तरी बरा वाटला नाही.

मॉन्सून्ड मलबार हे प्रकरणच निराळं. पूर्वी जहाजानं युरोपला कॉफी जायची तेव्हा कित्येक महिने समुद्राची दमट हवा खाऊन बिया फुगायच्या, पिवळट व्हायच्या, आंबटपणा निघून जायचा आणि तिकडच्या लोकांना तीच चव सवयीची झाली. पुढे सुएझ कालवा झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास कमी झाला, बिया हिरव्याच पोचायला लागल्या आणि गिऱ्हाईक म्हणे ही ती कॉफी नाही. मग मंगळुरूच्या किनाऱ्यावर गोदामांत पावसाळ्यात बिया पसरून, वरखाली करून, तीन-चार महिने वारा खाऊ घालून तेच मुद्दाम करायला लागले. त्यामुळे हिला सिंगल ओरिजिन म्हणणं मला जरा ओढूनताणून वाटतं, चव मळ्याची कमी आणि गोदामातल्या पावसाळी हवेची जास्त. पण आपल्या पाण्याला हीच चालते, कारण आंबटपणा मुळातच कमी आहे तर बायकार्बोनेट मारणार काय! जाड, मातकट, थोडी मसालेदार, दुधात एकदम झकास, साखर घाला नका घालू.

भाजणीबद्दल एवढंच की लाइट किंवा मीडियम घ्या. बिया तापत गेल्या की साधारण १९६ डिग्रीला फटफट तडकतात, तिथून पुढे जितकं भाजाल तितकी मळ्याची चव मागे आणि भाजल्याची चव पुढे. तेल सुटलेल्या काळ्या बियांचं सिंगल ओरिजिन घेणं म्हणजे पैसे पाण्यात, मॉन्सून्ड तेवढी थोडी गडद चालते.

दळण. मिक्सरमध्ये करू नका, अर्धी भुकटी होते, अर्धे खडे राहतात, भुकटीतून कडू उतरतं आणि खड्यांतून कच्चट आंबट, एकाच कपात दोन्ही. हाताचा बर ग्राइंडर (दातेरी चक्क्यांत बिया सारख्या आकारात दळणारा) परवडत नसेल तर रोस्टरकडूनच दळून मागवा, पण मग दोनेक आठवड्यांत संपवा. अख्ख्या बिया भाजल्यापासून महिना-सव्वा महिना चांगल्या राहतात.

म्हणजे राहायला पाहिजेत. माझ्या तीनपैकी आराकूचं पाकीट मे महिन्यात मागवलेलं, आणि कुरियरवाल्यांच्या गोदामात ते कितीतरी दिवस पडून होतं, ट्रॅकिंग एकाच जागी अडकलेलं, फोन केला की उद्या येईल साहेब. बाहेर पंचेचाळीस डिग्री, पत्र्याखाली किती असेल देव जाणे. उन्हानं बियांतलं तेल लवकर खवट होतं. फरक कपात दिसला. ताज्या पुडीवर पहिलं गरम पाणी ओतलं की आतला वायू सुटतो, पुडी वर फुगते, बुडबुडे येतात, ह्या पाकिटाची पुडी ओल्या मातीच्या ढेकळासारखी बसूनच राहिली. रोस्टरनं फोटो बघून काही न विचारता दुसरं पाकीट पाठवलं, वर जे आराकूबद्दल लिहिलंय ते त्या दुसऱ्या पाकिटाचं. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते, म्हणजे नवा माल नेमका उन्हाळ्यात बाजारात येतो आणि आपल्याला नेमका तेव्हाच मागवता येत नाही. पाऊस पडेपर्यंत थांबा, किंवा पुण्या-मुंबईहून कुणी येणार असेल त्याला आणायला सांगा. आणि रोस्ट डेट नसलेलं पाकीट घेऊच नका, फक्त एक्सपायरी लिहिलेली असेल तर ठेवून द्या परत.

जाता जाता, आपल्या महाराष्ट्रात पण कॉफी होते, चिखलदऱ्याला, हजारेक किलोमीटरवरच्या चिकमगळूरच्या मानानं आपल्याला अगदी जवळ. ती नीट भाजून, तारीख टाकून विकणारं कुणी माहीत असेल तर कळवा, पाणी मिसळून तयार ठेवतो. मॉन्सून्ड घरच्यांनी दुधात संपवत आणलीय, तिचं अर्धा किलोचं मागवलंय.