‘कमांड नॉट फाउंड’ येतंय? पाथ कुठे लिहायचा ते आधी ठरवा

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलं, ‘/ऑप्ट’मध्ये टूल ठेवलं आणि टर्मिनल म्हणतंय ‘कमांड नॉट फाउंड’. आधी टूलचा पूर्ण पत्ता टाइप करून पाहा. तरीही चालत नसेल तर दोष पाथचा, म्हणजे ज्या फोल्डरांत कमांड शोधली जाते त्या यादीचा, नाही. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ‘सीएचमॉड +एक्स’ने फाइलीला चालण्याची परवानगी द्या. नवी आवृत्ती टाकूनही जुनीच चालत असेल तर ‘टाइप -ए’ आणि पुढे कमांडचं नाव द्या. सापडलेल्या सगळ्या जागा क्रमाने दिसतात, आणि पहिली असेल तीच चालते.

आता जागा निवडायची.

टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल; उबुंटूत ते सहसा बॅश असतं. बहुतेक जण त्याच्या ‘.बॅशआरसी’ या सेटिंग फाइलीत पाथची ओळ लिहून मोकळे होतात. नवीन टर्मिनल उघडलं की बदल लगेच दिसतो, हा तिचा फायदा. पण उबुंटूच्या या फाइलीत अगदी वरच एक तपासणी आहे: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर बसून कुणी टाइप करत नसेल, तर वाचन तिथेच थांबतं. म्हणून शेवटी लिहिलेला पाथ एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून) थेट दिलेल्या कमांडला मिळत नाही, आणि मेनूतून उघडलेल्या एडिटरलाही नाही.

स्वतःच्या लॅपटॉपसाठी आम्ही ‘.प्रोफाइल’च सुचवू. ती लॉगिनच्या वेळी वाचली जाते, त्यामुळे डेस्कटॉपवरून उघडलेल्या प्रोग्रामनाही पाथ मिळतो. बदल दिसायला मात्र लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. होम फोल्डरमधला ‘.लोकल/बिन’ ही फाइल आपणहून जोडते, पण लॉगिनच्या वेळी तो फोल्डर अस्तित्वात असेल तरच. पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिपने तो पहिल्यांदाच बनवला असेल तर कमांड का सापडत नाही, याचं उत्तर हेच. आणखी एक खोच: कुणी ‘.बॅश_प्रोफाइल’ बनवली, तर बॅशचं लॉगिन शेल तीच वाचतं आणि ‘.प्रोफाइल’ सोडून देतं. ओळ लिहिताना फोल्डरांमध्ये अर्धविराम नव्हे, कोलन. अवतरणचिन्हांत ‘~’ उलगडत नाही, म्हणून ‘$होम’ लिहा. जुना ‘$पाथ’ जोडायला विसरू नका.

‘/ईटीसी/एन्व्हायर्न्मेंट’ ही फाइल सगळ्या युजरना लागू होते, म्हणून मोह होतो. पण ती शेल स्क्रिप्ट नव्हे. तिथे ‘$पाथ’ लिहिलं तर ते जसंच्या तसं राहतं आणि पुढच्या लॉगिनला ‘एलएस’सारखी साधी कमांडसुद्धा सापडत नाही. तसं झालंच तर ‘/युएसआर/बिन/सुडो /युएसआर/बिन/नॅनो’ असा पूर्ण पत्ता देऊन (सुडो अ‍ॅडमिनचे अधिकार देतो, नॅनो हा एडिटर) फाइल उघडा आणि ओळ दुरुस्त करा.

कॉलेजच्या लॅबमध्ये एकच टूल सगळ्यांना द्यायचं असेल तर पाथला हात न लावता ‘एलएन -एस’ने ‘/युएसआर/लोकल/बिन’मध्ये सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक, करा. आमच्या मते हाच सर्वांत निर्धोक मार्ग. स्वतःच्या जागेवरून शेजारच्या फाइली शोधणाऱ्या काही स्क्रिप्ट लिंकमधून अडखळतात, तेवढं तपासून घ्या.

सुडोला ही लिंक सापडते, कारण उबुंटूत तो ‘सिक्युअर_पाथ’मधलेच फोल्डर पाहतो आणि त्यात ‘/युएसआर/लोकल/बिन’ असतो. तुमच्या ‘.प्रोफाइल’चा तिथे उपयोग नाही. ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला मात्र ही लिंक आणि ‘.प्रोफाइल’ दोन्ही चालत नाहीत: युजरच्या क्रॉनटॅबला (त्या कामांच्या यादीला) सहसा ‘/युएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढेच मिळतात. तिथे कमांडचा पूर्ण पत्ताच लिहा.