निवासी व्यसनमुक्ती उपचार: आत ३५ दिवस, बाहेर ८ महिने, मग हे मत

घरातल्या पुरुषाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं की मुंबईतली घरं पहिली चौकशी करतात ती जागेची. खोलीत किती जण, जेवण कसं, पनवेल-कर्जतकडे आहे की शहरातच. ८ महिने गोळ्या, मीटिंग, फॉलोअप पाळून झाल्यावर सांगतो, खोली, जेवण, जागा यातल्या कशानेही काडीचा फरक पडत नाही. पहिले तीन दिवस डॉक्टर कोण बघणार आणि बाहेर पडल्यावर तीन महिने पाठपुरावा कोण करणार, यावर पैसे वसूल होतात किंवा बुडतात.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. फिटचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. त्यानंतर चौथ्या दिवसापर्यंत काहींना डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स, दारू तुटल्यावरचा तीव्र भ्रम) होतो: भिंतीवर किडे दिसतात, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. म्हणून ‘आमच्याकडे औषधं नाहीत, फक्त योग’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर पायरीवरूनच मागे फिरा.

नीट चाललेल्या ठिकाणी हा त्रास आवरायला क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध देतात, लिव्हर बिघडलेलं असेल तर लोराझेपाम, आणि डोस साधारण आठवडाभरात उतरवत आणतात. थायमिन, म्हणजे बी-१, ग्लुकोजच्या आधी गेलं पाहिजे. खंगलेल्या पेशंटला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. नर्स दर काही तासांनी दोन्ही हात समोर ताणून, बोटं फाकवून धरायला लावते आणि बोटांवर कागद ठेवते. डोळ्यांना न दिसणारं कापरं कागदाच्या कडेला दिसतं. हे कुणीच करत नसेल तर डोस अंदाजाने चाललाय. पूर्वी फिट आली असेल किंवा कावीळ असेल, तर डिटॉक्स, म्हणजे दारू तोडण्याचे हे पहिले दिवस, आधी केईएम, नायर, सायन किंवा जेजेत करून घ्या, केंद्र त्यानंतर.

दाखल करतानाची झडती बघून घरच्यांना अपमान वाटतो. वाटू देऊ नका. आफ्टरशेव्ह, माउथवॉश, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध काढून घेतात, कारण त्यात अल्कोहोल असू शकतं. मोज्यांच्या घड्या उलगडतात, साबणाचा खोका उघडतात. मोबाइल जमा. तंबाखूबद्दल मात्र प्रत्येक केंद्राचा नियम वेगळा. आधीच विचारा, नाहीतर तिसऱ्या दिवशीचं भांडण दारूवरून नाही, पुडीवरून होतं.

रात्री गाडी घेऊन चार जण येतात आणि उचलून नेतात, त्या ‘पिकअप’ला फशी पडू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक स्थितीही येते. पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरणाऱ्या माणसाच्या) अर्जावर जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. त्यापुढे पुन्हा तपासणी. साखळीने बांधणं कुठल्याही परिस्थितीत बेकायदा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, ते कागद बघूनच खात्री करा. मेडिक्लेम गृहीत धरू नका, बहुतेक पॉलिसींमध्ये व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. औषधं, रक्ततपासणी आणि गरज पडल्यास हॉस्पिटलला हलवणं फीमध्ये धरलंय का, तेही लेखी घ्या.

मधल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे उठणं, व्यायाम, इनपुट सेशन (व्यसनाबद्दलचं माहितीसत्र), लिखाण, ग्रुप, साफसफाई, संध्याकाळची मीटिंग. झोप कित्येक आठवडे तुटक राहते, गोड खायची वखवख सुटते, दोन्ही अपेक्षितच. खरं काम ग्रुपमध्ये होतं. ‘श्रावणभर शिवत नाही, मग मी बेवडा कसा?’ हा युक्तिवाद प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी करतोच, आणि त्याला उत्तर समुपदेशक देत नाही, शेजारी बसलेला देतो: ‘आणि गटारीला किती?’

आता बाहेरचं. ब्राउन शुगर (हेरॉइन) घेणाऱ्यांच्या घरच्यांनी एक लक्षात ठेवा: महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. जुन्याच मात्रेने पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो. सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

दारूवाल्याचा धोका रोजच्या रस्त्यावर असतो. सुटायच्या आधी समुपदेशकाने घर ते ऑफिस हा प्रवास कागदावर काढून घेतला पाहिजे: कुठल्या पुलाने उतरायचं म्हणजे परमिट रूम वाटेत येणार नाही, पगाराच्या दिवशी सोबत कोण, ७.४०च्या लोकलमधला ग्रुप सोडायचा का. आमचं ठाम मत, सोडायचा. बहुतेक केंद्रं इथेच उणी पडतात. निरोपसमारंभ झोकात, फॉलोअपचा फोन मात्र दोनदा येऊन बंद. ती जागा आठवड्यातून तीन-चार एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) मीटिंगांनी भरून निघते, आणि त्यांची फी नसते.

डायसल्फिराम ही दारूपासून लांब ठेवणारी गोळी पेशंटच्या संमतीनेच. बायकोने आमटीत गुपचूप मिसळायची ती गोष्ट नव्हे. वर दारू पोटात गेली तर चेहरा लालभडक होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी हवी आणि शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेलेले हवेत.

निवासी उपचाराला एकंदर पाचपैकी साडेतीन. दीड गुण फॉलोअपचा कापला.

डिस्चार्ज कार्डावर औषधांची जेनेरिक नावं आणि डोस कोणत्या तारखेला किती कमी करायचा हे लिहून घ्या. रात्री-अपरात्री अडलं तर सरकारी हेल्पलाइन दोन: नशामुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलीमानस १४४१६. दोन्ही नंबर बायकोच्या आणि आईच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा. त्या वेळी पेशंटचा फोन बहुधा बंदच असतो.