एका तुंबडीचे ‘तीन’ : सायटिकाच्या मालिशवाल्याने आमच्या अण्णांना कसं फसवलं

हे लिहायला मला सात-आठ महिने लागले, कारण अण्णा म्हणायचे कशाला चारचौघात सांगतेस. अण्णा म्हणजे माझे सासरे. पुण्यात पीएमटीत एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होते, आता वय ७१. परवा त्यांनीच सांगितलं की लिही, सगळं लिही, म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरी कंबर-गुडघ्याच्या दुखण्याचं म्हातारं माणूस आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

गेल्या वर्षी पावसाळ्यात अण्णांची कंबर धरली. तशी ती आधीपासून होतीच, पण या वेळी कळ कमरेतून मांडीच्या मागून पार पोटरीपर्यंत जायची, पायात मुंग्या, खोकला आला तरी चमक निघायची. फॅमिली डॉक्टरांनी पाय सरळ वर उचलून बघितला, सायटिका आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, वजन उचलू नका, हळूहळू चालत राहा, काही आठवड्यांत कमी होईल आणि नाही झालं तर एमआरआय करू. अण्णांना हे पटलं नाही. नुसतं थांबा म्हणजे काय, हा काय इलाज झाला का, असं दिवसभर चालायचं.

अशात एक दिवस हडपसरला भाजी घेऊन लंगडत येताना एका चांगल्या कपड्यातल्या माणसाने त्यांना थांबवलं. काका, डावी शीर दबलीय का? माझ्या आईचं अगदी असंच होतं, ऑपरेशन सांगितलं होतं, एका वैद्यांनी मालिश करून उभी केली, आता पंढरपूरला चालत जाऊन आली. पैसे नाही मागितले, काही विकलं नाही, फक्त नंबर दिला आणि म्हणाला माझं नाव सांगा, ते सगळ्यांकडे जात नाहीत. नंतर कळलं की हा माणूस त्यांचाच असतो. लंगडणारी म्हातारी माणसं हेरत भाजी मंडई, बाग, दवाखान्याबाहेर फिरणं हेच त्याचं काम. आई प्रत्येक वेळी तीच, आजार समोरच्याचा असेल तो.

पहिल्या दिवशी वैद्य घरी आला तेव्हा मी घरात होते, सुट्टी होती. मी स्वतः त्याला चहा करून दिला. बरोबर एक हेल्पर पोरगा, पितळी वाटीत तेल, बोलणं एकदम गोड. एका मालिशचे ८०० रुपये. पाऊण तास मालिश केलं आणि खरं सांगायचं तर अण्णांना बरं वाटलं, त्या रात्री ते शांत झोपले. मलाही वाटलं चला, ८०० मध्ये माणूस झोपतोय तर काय वाईट आहे. कोमट तेलाने चोळलं की आखडलेले स्नायू सैल पडतात आणि बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही, पण मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली असेल तर ती वरून चोळून जागेवर जात नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या तिन्ही फेऱ्या मी ऑफिसला आणि मिस्टर चाकणला ड्यूटीवर असतानाच झाल्या, आणि हा योगायोग नव्हता, त्याने पहिल्याच दिवशी गप्पांत कोण किती वाजता जातं ते सगळं काढून घेतलं होतं.

दुसऱ्या खेपेला महिनाभराची पावडर दिली, ९,५०० रुपये, ते यूपीआयने घेतले आणि नाव भलत्याच माणसाचं आलं. पुड्यांवर कंपनी नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्सपायरी नाही, नुसतं पेनाने सकाळ-संध्याकाळ. पण पावडर सुरू झाल्यावर अण्णा चार-पाच दिवस एकदम हुशारीत, भूक वाढली, दुखणं निम्म्यावर. आम्ही खूश. तिसऱ्या खेपेला मालिश करता करता ‘कंबर बसवतो’ म्हणून पालथं झोपवून त्याने कमरेवर गुडघा ठेवून झटका दिला. अण्णा ओरडले. तो म्हणाला झालं, मणका बसला, आता फक्त नसेत साठलेला पू आणि खराब पाणी काढायचं राहिलं.

चौथ्या खेपेचं मी अण्णांकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकलंय, कारण एका दमात त्यांना सांगताच येत नाही. वैद्याने निमुळती तांब्याची तुंबडी काढली. म्हणाला, जेवढं निघेल तेवढ्याचेच पैसे, काही नाही निघालं तर एक रुपया नको. कोणालाही हे प्रामाणिकच वाटेल. अण्णांनी विचारलं एका तुंबडीचे किती, तो म्हणाला तीन. अण्णांना वाटलं तीनशे. मग ब्लेडने बारीक ओरखडा, तुंबडी लावायची, तोंडाने ओढायचं आणि आतलं पिवळं-पांढरं कापसावर झटकायचं, हेल्परने पेपरचा एक तुकडा फाडून त्यावर तो बोळा ठेवायचा. कमरेपासून पोटरीपर्यंत सगळीकडे. अण्णा पालथे, त्यांना मागचं दिसत नाही, मध्येमध्ये एखादा बोळा डोळ्यांसमोर धरून दाखवायचे, बघा काका केवढं साठलं होतं, हे मेंदूत गेलं असतं तर. अण्णा घाबरून म्हणाले काढा सगळं.

शेवटी पेपरचे तुकडे मोजले तर ४६. आणि तीन म्हणजे तीन हजार. १,३८,००० रुपये. अण्णांनी हात जोडले. मग सुरू झालं, आम्ही आधी सांगितलं होतं, तुम्हीच म्हणालात काढा, आता अर्धवट हिशोब ठेवला तर नस उलटते, बरं तुमचं वय बघून १,१०,००० द्या. घरात गावच्या घराच्या पत्र्यासाठी ठेवलेले ४०,००० होते, ते दिले. उरलेल्या ७०,००० साठी तो हेल्पर पोरगा नुकतंच रक्त काढलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला गाडीवर मागे बसवून बँकेत घेऊन गेला आणि बाहेर थांबला. मालिशचे आणि पावडरचे धरून एकूण १,२१,९०० रुपये गेले. वर बजावून गेले, २१ दिवस कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, आणि डॉक्टरकडे जायचं नाही, शरीराला सुई लागली तर सगळं फुकट. या २१ दिवसांचा अर्थ मला पुढे पोलीस स्टेशनला कळला. नंबर बंद करून दुसऱ्या गावाला जायला तेवढा वेळ पुरतो.

अण्णांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. मी पायावरचे ओरखडे बघून विचारलं तर म्हणाले वैद्याने थोडं रक्त काढलं. मला तिथेच पुढे विचारायला हवं होतं, मी नाही विचारलं.

साधारण आठवड्याने, संध्याकाळची वेळ, अण्णा बाथरूममधून येऊन खुर्चीत बसले आणि माझी मुलगी म्हणाली आजोबा तुमची एक चप्पल तिकडेच राहिली. बघितलं तर खरंच डाव्या पायाची चप्पल बाथरूमच्या दारात आणि अण्णांना पत्ताच नाही. मी म्हटलं पंजा वर उचला बघू. उजवा उचलला गेला, डावा उचललाच जाईना, अंगठा जरासा हलला फक्त. माझ्या पोटात गोळा आला. त्याच रात्री हॉस्पिटलला नेलं.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर येऊन नसेवर दाबत होती. डॉक्टरांनी आधी लघवी-संडासचा कंट्रोल आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना, हे दोन-तीनदा विचारलं, कारण तसं असेल तर तासांचा प्रश्न असतो, रात्र काढायची नसते. तसं नव्हतं. पण पंजा पडला होता, ऑपरेशन करावं लागलं. त्या झटक्यानेच झालं का असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले तसं खात्रीने सांगता येणार नाही, गादी आपोआपही सरकते, पण पायाची ताकद कमी व्हायला लागल्यावर लगेच आला असतात तर बरं झालं असतं. म्हणजे पैशांपेक्षा जास्त काय चोरलं तर ते दिवस चोरले.

शुगर ३१२ निघाली, जी एरवी गोळीवर दीडशेच्या आसपास असायची. पावडरीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असायची शक्यता असते, म्हणून तर चार दिवस हुशारी वाटते, भूक लागते, चेहरा सुजतो. आणि पूचं ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ताप होता का? सायटिकामध्ये नसेत पू नसतोच, आणि मणक्याजवळ खरंच पू झाला तर माणूस तापाने फणफणतो आणि तो कातडीवरून तुंबडीने ओढून येत नाही.

घरी येऊन मी कॉटखाली झाडलं. त्या लोकांनी सगळे बोळे ‘घरात ठेवायचे नसतात’ म्हणून गोळा करून नेले होते पण एक कॉटच्या पायामागे राहिला होता. वाळून पिवळा कडक झालेला. पाण्यात टाकला तर बोटाला चिकट लागलं, मैद्याची खळ असते ना तसं, हळदीचा वास. अण्णा बघत होते, काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपले.

पोलिसांत तक्रार दिली, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. यूपीआयच्या पैशांसाठी १९३० ला फोन केला पण खूप उशीर झाला होता, तिथे जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त असते. कॅशचा पुरावा काय देणार. फोन बंद, गाडीचा नंबर कोणी बघितलेला नाही. अजून काही हाती लागलेलं नाही.

मला मालिश किंवा आयुर्वेदाच्या विरोधात बोलायचं नाहीये. सायटिकाला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात, माझ्या आईने रीतसर बीएएमएस वैद्यांकडे कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल थांबवून ठेवायचा उपचार) घेतली होती, दवाखाना, पावती, रजिस्ट्रेशन नंबर भिंतीवर लावलेला. नंबर विचारला म्हणून त्या वैद्यबाई चिडल्या नाहीत. आणि अजून एक, बहुतेक लोकांचा सायटिका सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवायच कमी होतो, त्यामुळे या लोकांकडून ‘बरे झालेले’ पेशंटही खरोखर भेटतात, ते खोटं बोलत नसतात, ते तसेही बरे होणारच होते. तेव्हा कोणाच्या अनुभवावर जाऊ नका, घरी येणाऱ्याला रेट कागदावर लिहून मागा, कशाचा आणि किती, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाजवळ त्यांना बसू देऊ नका. ‘घरात सांगू नका’ असं जो म्हणेल त्याला तिथल्या तिथे बाहेर काढा आणि ११२ लावा.

अण्णा आता पायाला प्लास्टिकचा आधार घालून चालतात, पंजा थोडा उचलतो, फिजिओ चालू आहे. मागच्या महिन्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्यांनी स्वतःहून हे सगळं सांगितलं. सगळे गप्प बसले. मग घरी परतताना एक मित्र त्यांच्या बरोबर मुद्दाम हळू चालत राहिले आणि कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, माझ्या गुडघ्यातून ३१ तुंबड्या काढल्या होत्या. दोन वर्षं झाली. घरी अजून सांगितलेलं नाही. त्याच रात्री अण्णा मला म्हणाले, लिही.