सील दिसली नाही, तरी पासवर्ड टाकला

वरुड तालुक्यात आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरायचा आणि पावसाळा लागला की कलमं विकायची. झालावाडकडचे गिऱ्हाईक मेलवर ऑर्डर देत, म्हणून 2011 मध्ये मी याहूवर मोफत खातं उघडलं. भाच्यानं तेव्हाच साइन-इन सील लावून दिली. याहूनं 2006 मध्ये ही सोय आणली होती. आपण एखादा फोटो किंवा चार शब्द निवडायचे, लॉगिनच्या खऱ्या पानावर ते दिसायचे. नकली पान बनवणाऱ्याला ते ठाऊक नसतात. मी आईचा फोटो लावला होता, संत्र्याच्या झाडाखाली टोपली घेऊन बसलेली.

पण ही सील खात्याला नव्हे, कॉम्प्युटरला लागायची. वरुडच्या नेट कॅफेत ती कधीच दिसत नसे. घरी भाच्यानं एकदा ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे साइटनं कॉम्प्युटरवर ठेवलेल्या खुणा, पुसल्या, तर तिथूनही गेली. पुन्हा लावली. पण सील नसलेलं पान पाहायची डोळ्यांना सवय होऊन गेली आणि माझा घात तिथंच झाला.

2013 चा मे महिना, बुकिंगचे दिवस. मेल आला, 24 तासांत खातं बंद होईल, खातरजमा करा. खातं बंद म्हणजे हंगाम गेला, एवढंच डोक्यात. लिंक दाबली, तेच जांभळं पान उघडलं, आईचा फोटो नव्हता. वाटलं, पोरानं पुन्हा कुकीज पुसल्या असतील. भाचा पलीकडच्या खोलीतच होता, हाक मारली असती तरी वाचलो असतो. पासवर्ड टाकला, पान लुकलुकलं आणि खरं याहू उघडलं. त्यामुळे शंकाही आली नाही.

नऊ दिवसांनी झालावाडहून फोन आला, तुमच्या नव्या बँक खात्यात 22,000 रुपये टाकले, कलमं कधी पाठवता? चोरानं माझ्याच पत्त्यावरून त्यांना खातं बदलल्याचं कळवलं होतं. वर एक फिल्टर लावून ठेवला होता, त्यांचं प्रत्येक उत्तर थेट कचऱ्यात जात होतं. बायको म्हणाली, "त्यायचा काय दोष हाय? कलमं देऊन टाका." दिली. नुकसान आम्ही सोसलं.

म्हणून सांगतो, मेलचं खातं परत हाती आल्यावर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. फिल्टर, फॉरवर्डिंग (मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची सोय) आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर तिन्ही तपासा. वेबपत्ता वाचताना दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी रेघ येते, तिच्या लगेच आधीचं नाव पाहा. माणसाचं आडनाव शेवटी असतं, तसंच ते. माझ्या लिंकमध्ये सुरुवातीला याहू होतं, शेवटी भलतंच नाव. आज मेलला पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं किंवा बोटाच्या ठशानं उघडणारी किल्ली, लावता येत असेल तर आधी ती लावा. ती मूळ साइटच्या पत्त्याशीच बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही, मग डोळा चुकला तरी फरक पडत नाही. पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची आशा तेवढ्याच वेळात असते.

झालावाडचे ते भाऊ अजून कलमं नेतात. पैसे टाकण्याआधी फोन करतात आणि मी खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे माझ्या तोंडानं सांगतो.