नऊ महिन्यांनंतर: एसएसडी निर्दोष, वेळ खाणारे वेगळेच

१ टीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी), एएमडीच्या एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम आणि आधीच्या मशीनमधून आणलेली २ टीबीची साटा हार्ड डिस्क. असेंबल केलेल्या या पीसीला बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत ७४ सेकंद लागायचे. वॉरंटीत एसएसडी बदलून मिळाली, विंडोज नव्याने टाकलं, आणि स्टॉपवॉचवर आकडा आला ७३. त्यावर सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, आता याहून वेगवान ड्राइव्ह घ्या. हा सल्ला साफ चुकीचा आहे. का चुकीचा, हे एक पैसाही खर्च न करता तपासता येतं.

टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअप ॲप्सच्या पानावर जा. वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ लिहिलेला असतो. फर्मवेअरने, म्हणजे बोर्डावरच्या बायोसने, रॅम, ग्राफिक्स कार्ड, यूएसबी, डिस्क हे सगळं तपासून विंडोजच्या हाती कारभार सोपवेपर्यंत किती सेकंद घेतले, ते इथे कळतं. या मशीनवर तिथे ५१.८ होतं. म्हणजे ७४ पैकी जवळपास ५२ सेकंद विंडोज सुरूच झालेलं नव्हतं. त्या काळात एसएसडीला काही कामच नव्हतं. जनरेशन ४ ऐवजी जनरेशन ५ चा ड्राइव्ह बसवला असता तरी ते ५२ सेकंद तसेच राहिले असते.

वेळेबद्दलची प्रत्येक तक्रार या आकड्यापासून सुरू व्हायला हवी. दुरुस्तीला मशीन घेणाऱ्याने तो न बघता ड्राइव्ह बदलायला सांगणं मला अक्षम्य वाटतं. हा आकडा फर्मवेअर स्वतःच नोंदवतं, त्यामुळे शेजारी स्टॉपवॉचही लावा. आणि मोजताना ‘रीस्टार्ट’ वापरा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज कर्नेलची (आपल्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. मग विंडोजची खरी वेळ कळत नाही.

५२ सेकंद कुठे जातात ते बोर्डावरचे डीबग दिवे सांगतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे एलईडी असतात. ज्यावर मशीन अडतं तो पेटून राहतो. इथे डीरॅमचा दिवा अर्ध्या मिनिटाहून जास्त पेटलेला असायचा. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ इतक्या वेगाने चालते की कंट्रोलरला प्रत्येक सिग्नलची वेळ आणि व्होल्टेज थोडं थोडं सरकवत जुळवून घ्यावं लागतं. नवी रॅम बसवल्यावर पहिल्यांदा यात काही मिनिटं जाऊ शकतात. स्क्रीन काळी राहते, पंखे फिरतात. मशीन मेलं असं समजून तेव्हा रीसेट दाबू नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार रॅम लावल्या तर आणखी वेळ लागतो.

पण हे रोज कशाला? एकदा जुळवलेली मूल्यं जपून ठेवून पुढच्या वेळी तीच वापरायची सोय बायोसमध्ये असते. तिचं नाव ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’. मेनू प्रत्येक बोर्डावर वेगळ्या जागी असतो, बहुधा मेमरी टायमिंगच्या किंवा एएमडी ओव्हरक्लॉकिंगच्या पोटात. बायोसला शोधायची सोय असेल तर नाव टाकून शोधा. इथे ती ‘ऑटो’वर होती, आणि या बोर्डाच्या लेखी ऑटो म्हणजे बंद. ‘एनेबल’ केल्यावर बायोसची वेळ ५१.८ वरून २१ च्या आसपास आली.

पहिल्या चार महिन्यांत मी ही सेटिंग बंद ठेवा असंच सांगत होतो. कारण ती चालू केल्यावर दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन गोठायचं, कधी निळा पडदा यायचा. ते मत आता बदललं आहे. चूक दोन ठिकाणी होती. बायोस जुनं होतं, आणि रॅमचा वेग वाढवायच्या नादात ‘पॉवर डाउन एनेबल’ (काम नसताना रॅमची वीज वाचवणारी सेटिंग) बंद केलेलं होतं. रिस्टोअर चालू आणि पॉवर डाउन बंद ही जोडी अस्थिरतेसाठी कुप्रसिद्ध आहे. दोन्ही चालू ठेवा. रॅमच्या प्रतिसादात किंचित फरक पडतो, रोजच्या वापरात तो जाणवत नाही. बदल केल्यावर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चारही पास होऊ द्या. एक जरी चूक दिसली तरी एक्स्पो प्रोफाइलचा (रॅमच्या तयार वेगवान सेटिंगचा) वेग ६००० वरून ५६०० करून पुन्हा तपासा. आता पाच महिने झाले, एकदाही गोठलेलं नाही.

उरलेले २१ सेकंदही जास्तच होते, आणि त्यांचं कारण जुन्या हार्ड डिस्कमध्ये सापडलं. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. जुन्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन (बूट फाइल ठेवायचा छोटा भाग) असेल तर इन्स्टॉलर अनेकदा बूट फाइल त्यातच टाकतो आणि बाकी विंडोज एसएसडीवर. मग ‘एसएसडीवरून चालू होणारं’ मशीन खरं तर आधी हार्ड डिस्कची मोटर फिरायची वाट बघतं. ओळखायचं कसं? डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कोणत्या डिस्कवर आहे ते बघा. एसएसडीवर असं पार्टिशनच नसेल, तर हार्ड डिस्कची केबल काढल्यावर विंडोज सुरूच होणार नाही.

उपाय करण्याआधी बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की बाहेर कुठेतरी उतरवून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. मग डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन करायच्या कमांडमध्ये सी ड्राइव्ह ३०० एमबीने आकसवा, मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय प्रकारचं पार्टिशन करा, ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला एखादं अक्षर द्या. पार्टिशन डिस्कच्या शेवटी आलं तरी फर्मवेअरला चालतं. नंतर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर बूट फाइल लिहिणारी बीसीडीबूट ही कमांड चालवा: आधी विंडोज फोल्डरचा पत्ता, मग नव्या पार्टिशनचं अक्षर, आणि प्रकार यूईएफआय (आजच्या पद्धतीचं बायोस). बायोसमध्ये एसएसडीवरचा विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा. मशीन बंद करून हार्ड डिस्कची साटा केबल काढा आणि चालू करा. मशीन नीट उठलं, तरच जुन्या ईएफआय पार्टिशनला हात लावा. घाईत ते आधी पुसलं तर परतीची वाट बंद.

एवढं केल्यावर बायोसची वेळ १३.४ झाली. बायोसमधले नेटवर्क स्टॅक (नेटवर्कवरून बूट करायची सोय) आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केल्यावर आणखी थोडी कमी. सीएसएम बंद करण्याआधी डिस्कवरची पार्टिशनची मांडणी नव्या जीपीटी प्रकारची आहे ना ते बघा. जुनी एमबीआर असेल तर विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी ती माहिती न पुसता बदलून देतं. रिकाम्या कार्ड रीडरमुळे किंवा यूएसबीच्या बाह्य डिस्कमुळेही काही सेकंद जातात, त्या काढून एकदा मोजा. ‘अल्ट्रा फास्ट बूट’ मात्र नको. त्यात कीबोर्ड उशिरा जागा होतो आणि बायोसमध्ये शिरता येत नाही. तसं अडकलात तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि प्रगत पर्यायांतून यूईएफआय सेटिंग निवडा.

आता विंडोजच्या वाट्याची वेळ. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सच्या लॉगमध्ये १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटची वेळ मिलिसेकंदांत मिळते. १०१ म्हणजे ॲपमुळे उशीर, १०२ ड्रायव्हर, १०३ सर्व्हिस. सिस्टिम लॉगमध्ये १२९ क्रमांकाची ‘रीसेट टू डिव्हाइस’ नोंद वारंवार दिसली तर मात्र डिस्ककडे बघा: साटा असेल तर आधी केबल बदला (स्मार्ट या डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीतला सी७, म्हणजे सीआरसी चुकांचा आकडा, वाढत असेल तर बहुतेक केबलच), एनव्हीएमई असेल तर काढून पुन्हा बसवा आणि फर्मवेअर अद्ययावत करा.

एसएसडी कधीच दोषी नसते असं नाही. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये जुना डेटा वाचताना वेग घसरायचा आणि २०१४ मध्ये त्यासाठी फर्मवेअर काढावं लागलं. पण ड्राइव्ह काठोकाठ भरलेला नसेल, ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा एसएसडीला कळवायची सोय) चालू असेल, मीडिया एररचा आकडा शून्य असेल, तर बूटच्या वेळेसाठी ड्राइव्ह बदलू नका. बूटमध्ये छोट्या छोट्या फाइल विखरून वाचल्या जातात. खोक्यावरचा सेकंदाला ७००० एमबीचा आकडा सलग वाचनाचा असतो.

दुसऱ्या पार्टिशनवर लिनक्स असेल तर काम आणखी सोपं. सिस्टिमडी-ॲनालाइझ ही कमांड फर्मवेअर, लोडर, कर्नेल आणि युजरस्पेस यांची वेळ एका ओळीत वेगवेगळी देते. तिथे नेमका दीड मिनिटाचा खोळंबा दिसला तर एफएसटॅब (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) तपासा. काढून टाकलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तिथे राहिला असेल तर सिस्टिम ९० सेकंद तिची वाट बघत बसते.

या बोर्डाबद्दल एक तक्रार अजून कायम आहे. बायोस अपडेट केलं की रिस्टोअर परत ऑटोवर जातं, एक्स्पो बंद होतं, आणि मशीन पुन्हा मिनिटभर खातं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला की तेच. म्हणून अपडेटच्या आधी मेमरीच्या आणि बूटच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आज सकाळचा आकडा १२.९ आहे, बटणापासून डेस्कटॉपपर्यंत २७ सेकंद, आणि ड्राइव्ह तोच.